नदी बदलली की फोटो बंद

इंगोले मॅडमच्या अंबाड्यात कायम एक टेस्टर खोचलेला असायचा. वायरीत करंट आहे की नाही ते बघायचा, पिवळ्या मुठीचा, साधा टेस्टर. इतर बायका जिथं गजरा माळतात तिथं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कामाच्या नादात खोचून विसरल्या असतील, आणि मी तसं त्यांना म्हटलंही. त्या म्हणाल्या, हातात धरला की कुठंतरी ठेवला जातो आणि मग सापडत नाही. डोकं मात्र आपण कुठं विसरत नाही.

आम्ही दोघं परभणी जिल्ह्यातल्या एका जलशुद्धीकरण केंद्रावर होतो. कुठलं ते सांगत नाही. नदीतून पाणी उचलायचं, त्यात तुरटीचं द्रावण सोडून गाळ खाली बसवायचा, गाळून, क्लोरीन देऊन ते नऊ गावांना सोडायचं, एवढंच त्याचं काम. केंद्र चालवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडं होतं. मी पुण्याहून डिग्री घेऊन आलेला, तिशीतला, तिथला प्रमुख. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, डिप्लोमा झालेल्या, मीटर आणि कंट्रोल पॅनेल सांभाळायला. तरी त्या मला 'सर' म्हणायच्या आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या रोज पूर्णेहून पहिल्या एसटीनं यायच्या. आल्या की पिशवी ठेवायच्या आणि काचेची एक बाटली घेऊन नदीकडं उतरायच्या. नदीचं पाणी भरून आणायचं, खिडकीत ठेवायचं, त्यामागं त्या दिवसाचा पेपर धरायचा आणि पाण्यातून वाचायचा. आधी मोठं शीर्षक, मग बारीक अक्षरं. "आज छोट्या जाहिराती पण वाचता यायल्यात," असं म्हणाल्या की समजायचं, पाणी नितळ आहे. एखाद्या दिवशी म्हणायच्या, "फोटोतला पुढारी ओळखू येईना, तुरटी वाढवा." आमच्याकडं पाण्याचा गढूळपणा मोजणारा चांगला मीटर होता, पडद्यावर आकडा दाखवायचा. बाटली कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मीटर खोटं बोलायलाय का, ते पण कुणीतरी बघितलं पाहिजे ना सर."

केंद्रावर तिसरं माणूस म्हणजे सरूबाई. झाडलोट करायची, चहा करायची, आणि फिल्टरच्या टाक्या धुवायच्या असल्या की वर उभी राहून आत उतरलेल्याचा दोर धरायची. नऊ गावांतलं पहिलं गाव तिचं, केंद्राच्या गच्चीवरून तिच्या घराचे पत्रे दिसायचे. तिची आणि मॅडमची गट्टी होती. दुपारी दोघींचा डबा एकत्र उघडायचा. सरूबाईच्या घरात काहीही निघालं, सुनेचं दुखणं, गळका पत्रा, पाहुण्यांचं येणं, की ती मॅडमपुढं मांडायची, आणि मॅडम एकच प्रश्न विचारायच्या, "आधी काय, मग काय?"

हा प्रश्न त्यांच्या वडलांचा. ते पूर्णा जंक्शनवर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. लहानपणी मॅडम त्यांचा डबा घेऊन जायच्या. घंटा वाजली की वडील पोरीकडं बघायचेसुद्धा नाहीत. ती शाळेतलं काही सांगत असली तरी मधेच पाठ फिरवायचे. त्याचा त्यांना राग यायचा. एकदा वडलांनी समजावलं, की तुझं बोलणं मला आवडत नाही असं नाही, पण गाडी थांबत नाही आणि तू थांबतेस. मॅडम हे सांगताना हसल्या होत्या. म्हणाल्या, त्या दिवसापासून मी थांबायला शिकले.

आता त्या कंट्रोलरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलं.

पॅनेलमध्ये एक लहानसा कंट्रोलर होता, म्हणजे खोक्याएवढा कॉम्प्युटर. गढूळपणाचा मीटर वाचायचा, त्यावरून तुरटीचा पंप कमी-जास्त करायचा, टाकीची पातळी बघायची, आणि शिवाय चार कॅमेऱ्यांचे फोटो वरच्या ऑफिसला पाठवायचे, तासातासाचा अहवाल बनवायचा, ही सगळी कामं त्या एकट्यावर. मोठा कंट्रोलर कंत्राटात बसत नव्हता. फोटो पाठवणं हे जड काम. ते चालू असलं की मीटर वाचायची पाळी उशिरा यायची. पाणी नितळ असताना काही बिघडत नसे, नदी तासन् तास तशीच असते. पण वरच्या अंगाला पाऊस झाला किंवा धरणाचे दरवाजे उघडले की नदी पाच मिनिटांत रंग बदलते. तेव्हा मीटर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला वाचला गेला पाहिजे, नाहीतर तुरटी कमी पडणार.

मॅडमनी एका उन्हाळ्यात, कुणी न सांगता, यावर उपाय केला. डब्यानंतरच्या वेळात लिहीत बसायच्या. त्यांनी कंट्रोलरला स्वतःचा वेळ स्वतः वाटायला शिकवलं. नदी शांत असेल तर मीटर सावकाश वाच, उरलेला वेळ फोटोंना दे. मीटरचा आकडा चढायला लागला की फोटो बंद, अहवाल बंद, सगळा वेळ मीटरला आणि तुरटीच्या पंपाला. नदी निवळली की परत पहिल्यासारखं.

त्याची चाचणी मला आठवते. मीटरचा डोळा त्यांनी काढून बादलीत बुडवला होता आणि सरूबाई शेतातली काळी माती कालवून मगामगानं त्यात ओतत होती. तिसऱ्या मगाला पडद्यावरचे चारही फोटो गेले, मीटरचा आकडा भराभर बदलायला लागला आणि बाजूच्या खोलीतला पंप जोरात चालू झाला. सरूबाई बघत राहिली. म्हणाली, "हे तर माझ्यावानीच हाय की. लेकरू रडलं की भाकर तव्यावर सोडून पळायचं." मॅडमना ते इतकं आवडलं की त्या दिवशी चहा त्यांनी केला. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांनी पॅनेलच्या दाराला चिकटवलं, 'नदी बदलली की फोटो बंद'. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत, रिवाजाप्रमाणे, स्वतःचं नाव टाकलं, सुनंदा इंगोले.

त्या वर्षी पुण्यात एका परिसंवादात मी हे काम मांडलं. बोलताना 'आम्ही' म्हणालो, पण पडद्यावर नाव माझं एकट्याचं होतं. प्रमाणपत्र मिळालं. परत आल्यावर मोबाईलवरचे फोटो मॅडमना दाखवावे लागले, कारण सरूबाईनं मागितले. मॅडमनी एक फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं सर. फक्त आकृतीत एक बाण उलटा काढलाय तुमी." मी घाईनं मोबाईल खिशात टाकला.

मी तेव्हा स्वतःला वाईट माणूस समजत नव्हतो. हे मुद्दाम लिहितो.

दुसऱ्या वर्षी कंपनीचे मोठे साहेब बदलले. नव्या साहेबांना फोटोंचं फार. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यावर सगळ्या केंद्रांचे फोटो दिसायचे, आणि भेटायला येणाऱ्यांना ते दाखवायचे. एकदा शिंतोडे पडले, नदी थोडी गढुळली आणि आमचे फोटो गेले. नेमके तेव्हा त्यांच्याकडं पाहुणे बसले होते. त्यांचा फोन आला. पाऊस असतानाच तर लोकांना नदी बघायची असते, म्हणाले, आणि तेव्हाच तुमचं दुकान बंद. मी मॅडमचा नियम समजावून सांगू लागलो. ते मधेच तोडून म्हणाले, तुम्ही इंजिनियर आहात ना?

मॅडमचा पासवर्ड माझ्याकडं होता. लेकीच्या परीक्षेसाठी त्या चार दिवस रजेवर गेल्या तेव्हा त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिला होता, गरज पडली तर असावा म्हणून. साहेबांच्या फोननंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, मॅडम फिल्टरच्या टाकीत उतरल्या होत्या आणि सरूबाई वर दोर धरून उभी होती. मी पॅनेलशी बसलो, त्यांच्या नावानं आत गेलो आणि एक ओळ बदलली. फोटो आधी, कायम. मीटर उरलेल्या वेळात. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माझ्या नावानं का गेलो नाही? माझ्या नावाला प्रोग्रॅम बदलायची परवानगी नव्हती, हे खरं आहे. पण ती मागता आली असती. मागितली असती तर मॅडमना कळलं असतं. त्यांनी विचारलं असतं, आधी काय आणि मग काय. संध्याकाळपर्यंत सांगू, असं मनाशी म्हणालो. मग उद्या सांगू. नदी शांत होती, त्यामुळं बदललेलं कुणाला दिसण्यासारखं नव्हतंच.

आठवड्यानं पेडगावला मॅडमची चुलती वारली. त्या रजा घेऊन गेल्या. दुसऱ्याच दिवशी वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. आमच्याकडं सकाळी लख्ख ऊन होतं. मी चहा घेत पडद्यासमोर बसलो होतो. कॅमेऱ्यात नदीचं पाणी काठाकडून तांबूस व्हायला लागलं, मग मधोमध, मग सगळं. फोटो इतका स्वच्छ होता. मी तो मोठ्या साहेबांना मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'सर, आत्ताचा.' त्यांचा अंगठा आला. मी आणखी दोन पाठवले.

गढूळ पाणी मी डोळ्यांनी बघत होतो. मीटरचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात होता आणि तो वीस मिनिटांपूर्वीचा होता. तुरटीचा पंप नितळ पाण्याच्या हिशेबानं चालला होता. ज्या माणसानं ती ओळ बदलली तोच माणूस तिथं बसून फोटो पाठवत होता.

माझ्या लक्षात आलं तेव्हा गाळलेल्या पाण्याची टाकी चहासारखी झाली होती. इतक्या गाळापुढं नेहमीचं क्लोरीन पुरत नाही. पाणी बंद केलं, पण सकाळचं पाणी गावांना गेलं होतं. ग्रामपंचायतींच्या भोंग्यावरून पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं, तोवर हंडे भरून झाले होते. त्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. माणसं सतरंजीवर झोपून सलाईन घेत होती. सरूबाई होती, आणि तिची सून होती. सून सहा महिन्यांची गरोदर होती. तिचं बाळ राहिलं नाही. पाण्यानंच झालं असं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं.

पाणी बिघडलं त्याच दिवशी दुपारी, बातमी कळताच, मॅडम पेडगावहून आल्या होत्या. मयतीच्या घरून तशाच निघालेल्या. त्या सरळ पॅनेलशी गेल्या आणि प्रोग्रॅम उघडला. मी मागं उभा होतो. ती ओळ त्यांना दिसली तेव्हा त्यांची पाठ मला दिसत होती. त्यांनी ओळ पहिल्यासारखी केली आणि क्लोरीनच्या बाटल्या पिशवीत भरून गावात गेल्या. पुढचे चार दिवस घरोघर फिरून हंड्यात थेंब टाकत होत्या.

चौकशी आमच्याच ऑफिसात झाली. मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबर आलेला एक अधिकारी टेबलाच्या पलीकडं, आम्ही दोघं अलीकडं. नोंदीचा कागद मधे. बदल करणाऱ्याचं नाव, सुनंदा इंगोले. वेळ, दुपारची.

मॅडम म्हणाल्या, "त्या टायमाला मी टाकीत होते. हा बदल माझा नाही."

अधिकाऱ्यानं विचारलं, पासवर्ड आणखी कुणाकडं होता. मॅडमनी माझ्याकडं मान वळवली. रागानं नाही. एखाद्याला बोलायची संधी द्यावी तशी. मी कागदाकडं बघत राहिलो.

"सरांकडं होता," त्या म्हणाल्या.

"तुम्ही केलंत का?" साहेबांनी मला विचारलं. त्यांना उत्तर माहीत असणार, फोन त्यांचाच होता. पण त्यांनी विचारलं आणि थांबले.

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. पुढं काही बोलावं लागलं नाही. मॅडम बाहेर गेल्यावर साहेब त्यांच्या आडनावावरून, त्यांच्या समाजावरून एक वाक्य बोलले. ते इथं लिहीत नाही. मी हसलो नाही. पण उठून बाहेरही गेलो नाही, आणि 'नाही' म्हणालेला माणूस साहेबांच्या त्या वाक्यावर काय बोलणार होता?

मॅडमना कामावरून कमी केलं. शेवटच्या दिवशी त्या पिशवी भरत होत्या तेव्हा सरूबाई दवाखान्यातून सुटून पहिल्यांदाच कामावर आली होती. गावात सगळ्यांना कळलं होतं, की इंगोले मॅडमनी मशीनमध्ये काहीतरी बदललं आणि सुट्टीवर गेल्या. मॅडम तिच्याजवळ गेल्या, सून कशी आहे विचारत खांद्यावर हात ठेवायला. सरूबाईनं तो हात झटकला. म्हणाली, "माझ्या सुनंचं नाव घेऊ नका तुमी." मी चार पावलांवर होतो. तेव्हासुद्धा एक शब्द पुरला असता.

जाताना मॅडमनी माझ्या टेबलावर एक वही ठेवली. नियमाचं सगळं टिपण तिच्यात होतं, कुठला आकडा कधी बदलायचा इथपर्यंत. म्हणाल्या, "पावसाळा जवळ आलाय. परत कुणी छेडलं तर हे वाचून नीट करा." उलटा बाणसुद्धा त्यांनी वहीत सुलटा काढून ठेवला होता.

पुढं मी नांदेडला बढतीवर गेलो. तो नियम कंपनीनं इतर केंद्रांवरही बसवला, चांगला चालला. त्याच्या पहिल्या ओळीत आता माझं नाव होतं; ते मी घातलं नाही, पण काढलंही नाही.

सहा वर्षं गेली. मी परभणीला परत आलो, ती नोकरी सोडली. मॅडम पूर्णेत आहेत, स्टेशनजवळच्या एका गल्लीत शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतात, असं कळलं. कळल्यावरही मी वर्षभर गेलो नाही. गेलो तेव्हा दुपार होती. समोरच्या खोलीत त्या जमिनीवर बसून स्टार्टर उघडत होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि काम चालू ठेवलं. मी सगळं सांगितलं. साहेबांचा फोन, पासवर्ड, ती ओळ, ते 'नाही'. वर्षानुवर्षं मनात घोकलेलं होतं, तरी बोलताना वाक्यं तुटत होती.

त्यांनी ऐकून घेतलं. स्टार्टरमधला जळलेला पॉइंट पॉलिश पेपरनं घासत होत्या, तो घासून झाल्यावर म्हणाल्या, "हे मला कशाला सांगायलात सर? मला तर त्याच दिवशी माहीत होतं."

कंपनीला लेखी कळवतो, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या कळवा, पण त्या कंत्राटाची मुदत संपली, कंपनी गेली, साहेब कुठं आहेत कुणास ठाऊक. तुमचा कागद वाचणार कोण? मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"सरूबाईला सांगा. ती मला पूर्णेच्या बाजारात दोनदा दिसली. दोन्ही टायमाला तोंड फिरवून गेली. माझी नोकरी गेली, ते मी सोसलं. हे नाही सोसवत."

त्यानंतरही मला तीन महिने लागले. ते का लागले, याचं कारण देता येईल असं मला वाटत नाही.

सरूबाई आता घरीच असते. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला ओळखून तिनं पदर सारखा केला, "या साहेब, बसा तुमी," म्हणाली, आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. सुनेनं तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. त्या तांब्यातलं पाणी मला पिता आलं नाही. सून दारात उभी असतानाच मी सांगितलं. कॉम्प्युटरचं सरूबाईला काय कळेल, म्हणून घाबरलो होतो. पण बादली, काळी माती आणि गेलेले फोटो तिला सगळं आठवत होतं. मी म्हणालो, मॅडम टाकीत उतरल्या होत्या आणि तुम्ही वर दोर धरून उभ्या होतात, त्या वेळी ते मी केलं.

ती शेंगा सोलायची थांबली. सून आत निघून गेली.

"मी दोर धरून हुबी हुते," सरूबाई स्वतःशीच म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तवा का गप बसलास तू?"

इतक्या वर्षांत तिनं मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ती उठली, हात धुतले, आत जाऊन लुगडं बदलून आली. सुनेशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

"चल," म्हणाली. "मला तिच्या घरी नेऊन सोड."

पूर्णेपर्यंत ती माझ्या गाडीत मागं बसली. गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवायला लावली आणि उतरून एकटीच चालत गेली. मी गाडीबाहेर येऊन उभा राहिलो. दार उघडंच होतं. मॅडम कामावरून मान वर करून बघत राहिल्या, मग हाताला ग्रीस होतं तशाच उठल्या. दोघी उंबऱ्यात समोरासमोर आल्या. सरूबाईनं काहीतरी म्हटलं आणि वाकायला लागली; मॅडमनी तिला मधेच दंडाला धरून उचललं, आणि तिच्या लुगड्यावर काळे डाग पडले. मग तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं.

मला वाटलं, कुणीतरी बाहेर बघेल. मॅडम एकदा दाराशी आल्याही. दुपारचं ऊन सरळ आत, सरूबाईच्या तोंडावर येत होतं. त्यांनी कोपरानं दार ढकललं आणि लावून घेतलं.